चौथं पान

मोहन्यात कंपनीचा भोंगा झाला की बाकीच्या घरांत चहाचं आधण चढायचं. बाबुराव गांगुर्डेंच्या घरात पान उलटायचं.

हे पान पुस्तकाचं नव्हतं, टीव्हीवरचं होतं. रंभाबाई स्टोव्हपाशी बसल्या बसल्या हाक द्यायच्या, "कुंडल्या, झाला बघ भोंगा. पलटव." आणि त्यांचा मुलगा कुंडलिक मांडीवरच्या यंत्राचं एक बटण दाबायचा. टीव्हीवर सोंड डोलावत बसलेला गणपती गडप व्हायचा आणि त्या जागी एक कमळ यायचं. स्थिर, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं कमळ.

थोड्या वेळाने बाबुराव यायचे. सायकल भिंतीला टेकवायची, चपला दाराबाहेर काढायच्या, हातपाय धुवायचे, भिंतीवरच्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर घटकाभर उभं राहायचं. हा क्रम कधी चुकला नाही. मग ते टीव्हीकडे बघायचे.

"अजून कमळच का?"

"हो बाबा. बारीक काम आहे."

"होळीच्या आधीपासून बघतोय. तळ्यातलं असतं तर एव्हाना उमलून, सुकून, बी धरून मोकळं झालं असतं."

"बारीक असतं हो ते," रंभाबाई चहा गाळत म्हणायच्या आणि हसू आवरायला तोंड पदराआड न्यायच्या.

घरात गणपती लपवायची पाळी का आली, हे सांगायचं तर बाबुरावांपासून सुरुवात करायला हवी. छप्पन साली ते ऐन विशीत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. गावी परतल्यावर घरातले टाक आणि तसबिरी त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडल्या. गौरी-गणपतीला देव मानणार नाही म्हणणाऱ्या बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्याच, पण पाठ असणारे पुष्कळ असतात. बाबुराव त्या पाळायचे. चाळीत कोणाकडे पूजा असली तर शेजारधर्म म्हणून खुर्च्या लावायला पहिले हजर, प्रसादाच्या वेळी मात्र हात मागे. आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही. त्यांच्यासमोर खोटं बोलणं म्हणून तर अवघड जायचं. चिडणाऱ्या माणसाशी खोटं बोलताना निदान आपलंही थोडं बरोबर आहे असं वाटतं.

आणि कुंडलिक? त्याला लहानपणापासून एकच खोड. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकाच्या कोपऱ्यात त्याने एक पैलवान काढला होता, प्रत्येक पानावर थोडा थोडा वेगळा. अंगठ्याने पानं भर्रकन सोडली की पैलवान बैठका मारायचा. मास्तरांनी पुस्तक जप्त केलं आणि स्टाफरूममध्ये नेऊन सगळ्या मास्तरांना पैलवान दाखवला. मग कुंडलिकला बैठका मारायला लावल्या. विज्ञानात त्याला बेताचेच मार्क पडले, पण पानं उलटली की चित्र हलतं, हे जे कळलं ते कायमचं कळलं.

बारावीनंतर त्याने कल्याणला स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये बेसिक शिकून घेतलं. बेसिक म्हणजे कॉम्प्युटरला समजणारी सर्वात सोपी बोली. एकेक ओळ लिहायची, ओळीला नंबर द्यायचा, आणि कॉम्प्युटर आज्ञाधारक सुनेसारखा नंबराबरहुकूम कामं करत जातो. क्लासमध्ये तो पगाराचे हिशेब शिकला. शिकून झाल्यावर कळलं की ज्यांचे हिशेब करायचे त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना कुंडलिकची गरज नाही.

तेव्हा त्याला गुरुदत्त भेटला. गुरुदत्तचं कल्याणात शिवाजी चौकाच्या अलीकडे लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. माणूस गोलमटोल आणि बोलघेवडा. त्याच्या मेव्हण्याने मस्कतहून एक होम कॉम्प्युटर आणला होता. दिसायला नुसता जाडसर कीबोर्ड. टीव्हीला जोडला की चालू. बंद केला की डोक्यातलं सगळं साफ. लक्षात ठेवायचं असेल ते साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर भरून ठेवायचं, आणि परत हवं असेल तेव्हा ती कॅसेट लावून कर्र-कर्र आवाज ऐकत बसायचं. गुरुदत्तने आधी त्याला टाइपरायटर समजून कागद घालायची फट शोधली होती. ती सापडेना म्हणून यंत्र कपाटावर गेलं.

"हा जर टीव्हीवर नाव दाखवतो," कुंडलिक म्हणाला, "तर लग्नाच्या कॅसेटच्या सुरुवातीला आपण नवरा-नवरीचं नाव दाखवू. वर हलता गणपती."

"हलता?" गुरुदत्तचे डोळे चमकले. "डोंबिवलीतला तो पाटणकर नुसती पत्रिका कॅमेऱ्यासमोर धरतो. त्याचा हात हलतो तेवढंच. अरे, हलता गणपती दिला तर आपण ठाण्यापर्यंत लग्नं मारू!"

पण हलता गणपती म्हणजे तोंडच्या गोष्टी नव्हत्या. त्या यंत्राची एक गोम होती. ते चित्र काढायचं ते डोळ्यांदेखत आणि रांगोळीच्या चालीने. एक रेघ इथे, एक रेघ तिथे. हलवायचं तर जुनी सोंड पुसायची आणि नवी काढायची, आणि ही पुसापुशी सगळी बघणाऱ्याला दिसायची. चित्र हलायच्या ऐवजी उचकी लागल्यासारखं लुकलुकायचं.

कुंडलिकला पैलवान आठवला. यंत्राच्या पोटात पडद्यापुरती जागा होती तशी आणखीही होती. एका वेळी एकच पान पडद्यावर दिसायचं, पण न दिसणाऱ्या पानांवरही आतल्या आत चित्र काढता यायचं. नाटकात पुढे प्रवेश चालू असतो आणि पडद्यामागे पुढचा देखावा लावतात, तसं. चार पानांवर चार गणपती आधीच काढून ठेवायचे आणि मग यंत्राला सांगायचं, एक दाखव, दोन दाखव, तीन दाखव, चार दाखव, परत एकापासून. पहिल्या पानावर सोंड सरळ, दुसऱ्यावर जराशी वळलेली, तिसऱ्यावर हाताशी आलेली, चौथ्यावर सोंडेत मोदक. पानं उलटत राहिली की गणपती मोदक उचलून खायचा. एकदा, दोनदा, लग्न लागेपर्यंत खातच राहायचा.

गुरुदत्तने ते पाहिलं आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासमोर कुंडलिकला मिठी मारली.

चार पानं भरून एक पान वर उरायचं. त्यावर कुंडलिकने कमळ काढलं, कारण दुकानातला टीव्ही गिऱ्हाइकांच्या कॅसेटी दाखवण्यात अडकलेला असायचा, तेव्हा यंत्र पिशवीत घालून घरी आणावं लागे, आणि घरी रोज भोंग्यानंतर बाबुराव येत.

घरचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. रंग अंदाजाने भरायचे आणि दुकानात जाऊन बघायचे. पहिल्या खेपेला गणपतीशेजारच्या समईची ज्योत हिरवीगार निघाली. गुरुदत्त म्हणाला, "समईला बुरशी आली रे." पण काम वाढत गेलं. कोलशेतच्या खाडीकाठचे दामाजी कोळी मुलीच्या लग्नासाठी आले आणि म्हणाले, "गणपती पायजेच. पन होरीत बसलेला दाखव. आनि होरी डुलली पायजे, नाय तं आमची मानसा बोलतील, देव चिखलात रुतला." कुंडलिकने होडी डुलवली. दामाजींनी पुढच्या खेपेला त्याच्यासाठी सुके बोंबील आणले. ते त्याने बसमध्ये आणले तेव्हा कल्याण ते मोहने त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना त्याच्या धाकट्या बहिणीचं, मंजुळाचं लग्न ठरलं. मुलगा कोलशेतकडचा, सुगत रोकडे, तिथल्याच एका कारखान्यात फिटर. आणि एका संध्याकाळी बाबुरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कुंडलिक, पुढल्या वर्षी मी निवृत्त होतो. साहेब म्हणालेत, मुलाला आणा, बदली कामगार म्हणून घेऊ. मंजुळाच्या लग्नानंतरच्या सोमवारी माझ्याबरोबर गेटवर यायचं."

"बाबा, माझं हे काम..."

"हे काम मी बघतोच आहे. एक कमळ, तेही अर्धवट."

रंभाबाईंना ठसका लागला.

"मंजुळाच्या लग्नात दाखवतो," कुंडलिक म्हणून गेला. "मांडवात, सगळ्यांसमोर. चांगलं झालं तर मला हेच करू द्या."

बाबुरावांनी थोडा विचार केला. "काय दाखवशील?"

"धम्मचक्र. फिरतं."

बाबुरावांनी भिंतीवरच्या तसबिरींकडे पाहिलं. मग म्हणाले, "आरे चोवीस हवेत."

"चोवीस मावत नाहीत बाबा. पडदा लहान, नुसता गोळा दिसतो. आठ काढतो."

"आठही चालतील. अष्टांगिक मार्ग. चांगलं झालं तर बोलू. नाही तर सोमवार आहेच."

म्हणजे सगळं एका चाकावर येऊन ठेपलं.

चाकाला चार पानं लागत नाहीत, हे कुंडलिकला कागदावर काढून बघितल्यावर कळलं. दोन आऱ्यांमधल्या अंतराचे तीन भाग करायचे. प्रत्येक पानावर चाक एकेक भाग पुढे सरकवायचं. चौथ्या खेपेला आरा पुढच्या आऱ्याच्या जागेवर पोचतो, म्हणजे परत पहिलंच चित्र. तीन पानांत चाक जन्मभर फिरतं. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा मंजुळा मागे उभी होती.

"दादा, हे मागे चाललंय."

"हं?"

"चक्र. उलटं फिरतंय. बाबांनी पाहिलं तर म्हणतील, तथागतांनी पुढे ढकललं, माझ्या पोराने परत आणलं."

त्याने पानांची उलटापालट केली. चाक नीट फिरू लागलं. खाली त्याने रेघारेघांनी अक्षरं काढली, 'आयु. मंजुळा' आणि 'आयु. सुगत'. मंजुळा म्हणाली, तिच्या नावातला 'ळा' सुजलेला दिसतो. त्याने सूज उतरवली.

आता भानगड होती कॅसेटची. गुरुदत्त सढळ हाताचा माणूस, पण कॅसेटच्या बाबतीत त्याचा हात आखडायचा. "नवी कशाला? जुन्यावर भर. कॅसेटी काय झाडाला लागतात?" तेव्हा कुंडलिकने गणपतीचीच कॅसेट घेतली. तिच्या सुरुवातीला छोटासा प्रोग्रॅम होता, चार चित्रं आत घे, चार पानांवर ठेव आणि एकामागून एक दाखवत राहा. त्याच्यामागे चार गणपती. पहिल्या तीन गणपतींवर कुंडलिकने तीन चाकं भरली. चौथा तसाच राहिला. सुरुवातीच्या प्रोग्रॅमला हात लावायची त्याला धास्ती वाटली, तो लांबला तर पहिल्या चाकावर चढायचा. तेव्हा दर खेपेला चित्रं आत आली की तो चाराच्या जागी तीन लिहायचा आणि मग पानं सोडायचा. एवढंसं तर काम.

एवढंसं काम म्हणजे काय, ते लग्नाच्या दिवशी कळतं.

लग्न मे महिन्यात, विहारासमोरच्या मोकळ्या जागेत. मांडवाच्या टोकाला गुरुदत्तने मोठा रंगीत टीव्ही लावला होता. पुढे जे चाललं असेल ते कॅमेऱ्यातून मागच्या मंडळींना दिसणार, आणि त्याआधी कुंडलिकचं चक्र. सकाळी सगळं जोडून, चित्रं आत घेऊन, तीन लिहून कुंडलिकने यंत्र तयार ठेवलं आणि फुलांच्या पाकळ्यांच्या टोपल्या आणायला गेला. बौद्ध लग्नात अक्षतांऐवजी पाकळ्या असतात, आणि त्या उन्हात तासाभरात सुकतात. त्या शेवटच्या घटकेलाच आणाव्या लागतात.

तो परत येतो तो टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

यंत्राची वायर काढून त्या जागी टेबलफॅनची खोचली होती. शेजारी नवऱ्यामुलाचे मामा घाम पुसत उभे.

"मामा, ही वायर..."

"ते होय? काहीतरी नुसतंच चालू होतं, कोणी बघतही नव्हतं. लग्न लावायला रणपिसे गुरुजी आलेत, सत्तरीचा माणूस, उकाड्याने जीव चाललाय त्यांचा. म्हटलं पंखा तरी लावू."

मामांना काय बोलणार? नवऱ्यामुलाचे मामा. कुंडलिकने मांडवातल्या लाइटवाल्याकडून दुसरं बोर्ड मागून घेतलं, यंत्र चालू केलं, कॅसेट मागे नेली आणि लावली. कर्र-कर्र, कीं-कीं असा आवाज मांडवभर झाला. एक आजीबाई म्हणाल्या, "रेडिओला काय झालं गं बाई, मूठमाती द्या त्याला." पहिलं चाक आत आलं. दुसरं आलं. गुरुदत्त लांबून खुणा करत होता, चल, चल, गुरुजी तयार आहेत.

आणि तेवढ्यात बाबुराव माइकपाशी गेले. कुंडलिकने त्यांना आयुष्यात माइकवर पाहिलं नव्हतं. युनियनच्या सभेतही ते मागच्या रांगेत बसायचे.

"जय भीम," बाबुराव म्हणाले. घसा खाकरला. "आता तुम्हाला टीव्हीवर धम्मचक्र दिसेल. ते माझ्या मुलाने केलंय. कुंडलिकने. स्वतः."

एवढंच बोलून ते बाजूला झाले. पण कुंडलिकच्या कानात ते 'स्वतः' असं काही बसलं की चाराचं तीन करायचं त्याच्या डोक्यातून साफ गेलं. टेप थांबली. त्याने बटण दाबलं.

चक्र. चक्र. चक्र. गणपती.

चक्र. चक्र. चक्र. गणपती.

पानं भराभर उलटत होती. निळं चाक फिरत होतं आणि फिरता फिरता पापणी लवावी तेवढ्यापुरता मधूनच एक पांढरा गणपती सोंडेत मोदक घेऊन हजेरी लावून जात होता. लोक डोळे चोळू लागले. निम्म्यांना दिसला, निम्म्यांना नाही.

"काय होतं रे ते मध्ये?"

"कुठे काय?"

"अरे, आलं बघ! गेलं."

कुंडलिकने बटणं दाबून पाहिली, ती सापडेनात, तेव्हा वायरच उपसली. टीव्हीवर मुंग्या आल्या. गुरुदत्त कॅमेऱ्यामागून पुटपुटला, "बाप्पा, आज तुमचं इकडे काय काम होतं?"

मग माइकवरून रणपिसे गुरुजींचा कापरा आवाज आला. "अरे, बंद का केलंस? हत्ती होता ना तो? पांढरा?"

कुंडलिकच्या हातात उपसलेली वायर तशीच होती.

"उपासक-उपासिकांनो," गुरुजींना आता हुरूप आला, पंख्याचा वाराही लागत होता, "राणी महामायेला स्वप्न पडलं. स्वप्नात पांढरा हत्ती आला. तो आला आणि जगात बुद्ध आले. या मुलाने किती सुंदर दाखवलं बघा! चक्र फिरतंय आणि मध्येच, स्वप्नासारखा, हत्ती! दिसला न दिसला असा. याला म्हणतात कल्पना."

टाळ्या पडल्या. मागून पोरं ओरडली, "पुन्हा हत्ती! पुन्हा हत्ती!" व्याह्यांनी बाबुरावांचा हात हातात घेऊन हलवला. कुंडलिकने मान वर करून बापाकडे पाहिलं. बाबुराव टीव्हीवरच्या मुंग्यांकडे बघत होते.

"हत्ती नंतर," ते माइकवर म्हणाले. "आधी लग्न."

त्रिसरण झालं, पंचशील झालं, पाकळ्या पडल्या. पांढऱ्या साडीतली मंजुळा सुरेख दिसत होती. कुंडलिकने परत चित्रं आत घेतली, या खेपेला तीन लिहिलं, दोनदा तपासलं आणि नुसतं चक्र फिरवलं. पोरं हिरमुसली.

दुपार कलली. मंजुळाला घेऊन गाडी शीळफाट्याच्या दिशेने गेली. मांडववाल्याची माणसं खुर्च्या एकात एक रचत होती. रंभाबाई रिकाम्या पातेल्यांपाशी बसल्या होत्या. बाबुरावांनी दोन खुर्च्या ओढल्या, एका खुर्चीवर स्वतः बसले.

"बस."

कुंडलिक बसला.

"महामायेच्या स्वप्नातला हत्ती सोंडेत काय घेऊन आला होता?"

"कमळ."

"पांढरं कमळ. आणि तुझ्या हत्तीच्या सोंडेत काय होतं?"

कुंडलिक पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"मला चष्मा आहे," बाबुराव म्हणाले, "पण मोदक ओळखू येतो."

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुंडलिकने सगळं सांगितलं. गुरुदत्तचं दुकान, गिऱ्हाइकांची लग्नं, चार पानं आणि पाचवं कमळ.

"म्हणजे भोंगा झाला की..."

"हो."

"आणि तुझ्या आईला ठाऊक?"

रंभाबाई अचानक एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासायला लागल्या.

बाबुरावांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाले, "हात जोडून काढलास की काम म्हणून?"

"काम म्हणून बाबा."

"मी एवढी वर्षं कंपनीत धागा काढतोय. त्या धाग्याची साडी कोण कुठल्या पूजेला नेसतं, कोण देवीची ओटी भरतं, मी कधी विचारायला गेलो? तू सांगितलं असतंस तर मी एक दिवस जेवलो नसतो, दुसऱ्या दिवशी जेवलो असतो. पण लपवलंस. अरे, घरातले देव मी नदीत सोडले ते दिवसाढवळ्या, सगळ्या गावादेखत. बापाचा मार खाल्ला. काळोख पडायची वाट नाही बघितली."

"चुकलं बाबा."

"चुकलंच." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आता दुसरी गोष्ट. रणपिसे गुरुजी माइकवर बोलून बसलेत, हत्ती आहे म्हणून. म्हातारा माणूस. व्याही सगळ्या कोलशेतभर तेच सांगणार. लग्नाची कॅसेट तिकडे जाणार. त्यात हत्ती नसला तर मंजुळाला विचारतील, हत्ती कुठाय? ती काय सांगेल?"

"मग काय करू?"

"काय करू काय? हत्ती काढ. खराखुरा. गुरुजींना दिसला तो हत्ती तिथे असला पाहिजे. ते चौथं पान रिकामंच आहे ना?"

"मोदकवाला आहे त्यावर."

"पुसता येतो ना?"

"येतो."

"मग झालं. आणि त्याला पाय चार काढ. उगाच मांडी घालून बसवू नकोस."

सोमवारी सकाळी कुंडलिक आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. गेटवर जायचं होतं. चांगलं झालं तर बोलू, असं ठरलं होतं, आणि चांगलं झालं असं म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. बाबुरावांनी सायकल काढली, डबा अडकवला आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू कुठे निघालास?"

"गेटवर. तुमच्याबरोबर."

"हत्ती झाला?"

"तीन पाय झालेत."

"मग तीन पायांच्या हत्तीला टाकून कुठे हिंडतोस? बस घरात," असं म्हणून बाबुराव सायकलवर टांग टाकून निघून गेले. बदलीच्या जागेचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही आणि कुंडलिकनेही आठवण करून द्यायचा शहाणपणा केला नाही.

हत्ती पूर्ण झाला. कॅसेट कोलशेतला गेली. तिच्यात चक्र फिरतं, आणि थोडं फिरलं की सोंडेत कमळ घेतलेला पांढरा हत्ती येऊन उभा राहतो, या खेपेला चांगला नजरेत भरेपर्यंत. ते कमळ कुंडलिकला नवीन काढावं लागलं नाही. होळीच्या आधीपासून तयार होतं. रोकड्यांकडे पाहुणे आले की ती कॅसेट अजून लागते. मंजुळा सांगते, व्हीसीआर म्हातारा झालाय, हत्ती आता पावसात उभा असल्यासारखा दिसतो.

पुढे कुंडलिकने कल्याणातच गुरुदत्तच्या शेजारी स्वतःचा गाळा घेतला. मस्कतचं यंत्र जाऊन मोठा कॉम्प्युटर आला, रंग आले, मंजुळाच्या नावात न सुजणारा 'ळा' आला. पण ती पुढची गोष्ट. लग्नानंतरच्या त्या उन्हाळ्यात तो घरीच काम करायचा. दुपारी भोंगा व्हायचा. रंभाबाईंच्या तोंडून सवयीने निघायचं, "कुंडल्या, पलट..." आणि त्या स्वतःच जीभ चावायच्या.

पान उलटत नसे. टीव्हीवर डोंबिवलीच्या कोणा चि. सौ. कां.चा गणपती मोदक खात बसलेला असे. बाबुराव यायचे, हातपाय धुवायचे, तसबिरींसमोर उभे राहायचे आणि टीव्हीकडे पाठ करून चहाला बसायचे. त्यांची पाठ त्यांची, कुंडलिकचं काम कुंडलिकचं. बशीत चहा ओतल्याचा तेवढा आवाज.

एक दिवस बशी तोंडाला लावता लावता ते म्हणाले, "दुसऱ्या पानावर कानाची रेघ तुटलीय. जोडून घे."

कुंडलिकने बघितलं. खरंच तुटली होती. त्याने जोडून घेतली. टीव्हीकडे पाठ करून बसलेल्या माणसाला तुटका कान कसा दिसला, हे मात्र त्याने विचारलं नाही. रंभाबाईंनीही नाही. त्यांनी फक्त पदर तोंडाशी नेला.